पुठ्ठा

ओम्नीचा काटा तीनदा शून्यावर येऊन गेला.
तिसऱ्यांदा आला तेव्हा म्हणे बाबांनी
तिवसा फाट्यावर गाडी थांबवून स्टेअरिंगला हात जोडले,
आणि मागून अडलेल्या बाईची सासू ओरडली,
चाला ना बाप्पा!

गाडी माझ्याहून दोनच वर्षांनी लहान.
इंजिन सीटखाली, म्हणून तिची तब्येत
आधी माझ्या मांडीला कळते.
मे महिन्यात मांडी भाजते.
थंडीतल्या पहाटे टॅपेट असे वाजतात
जसं शेजारच्या खोलीत कोणी
डब्यात तुरीचे दाणे हलवून राहिलंय.

प्रज्वल बुटीबोरीहून आला, हातात डबा.
मावशी, फुल सिंथेटिक.
किंमत ऐकून बाबांनी खाटेवर कूस बदलली.
"तेवढ्यात चारदा बदलतो मी. ड्रममधलं, सुटं, जाडं.
म्हाताऱ्याले नवं रगत चढवू नाई, पोरा."

दारव्ह्याला उकंडराव मिस्त्री तर हसलाच.
"पातळ हाय थे. तीन लाख चाललेल्या गाडीत
कुठून ना कुठून वाट काढन."

पण बाबांचा गुडघा आता क्लच दाबत नाही,
स्टेअरिंग माझ्याकडे आहे.
मी म्हटलं, टाका.

जुनं तेल लवकर उतरेना.
काकवीसारखं लोंबत राहिलं नटापाशी,
त्यात बारीक काळी रेती.
उकंडरावनं ती दोन बोटांत चोळून पाहिली,
वास घेतला, पायजम्याला पुसली.

चौथ्या पहाटे तुरीचे दाणे थांबले.
लाडखेडपासून यवतमाळपर्यंत
शाळेच्या बाया नेहमीसारख्या मोठ्यानं बोलत होत्या
आणि मग एकमेकींकडे बघून हसल्या,
कारण मोठ्यानं बोलायची गरजच नव्हती.

नवव्या दिवशी अंगणात डाग.
रुपयाएवढा. दुसऱ्या दिवशी पुरीएवढा.
मी बियाण्याच्या खोक्याचा पुठ्ठा फाडून खाली सरकवला.
बाबा काही बोलले नाहीत,
फक्त चहा दोनदा मागितला.

उकंडरावनं सीट उचलली, टॉर्च दातात धरली,
वरचं झाकण खोललं.
गॅस्केट हातात आलं ते पापडासारखं मोडून.
बराच वेळ तो तुकडे जुळवत बसला.
"तेलाचा दोष नाई, बाई.
गळकी तर कधीचीच होती.
चिखल बसला होता भेगेवर, म्हणून दिसे नाई.
यानं चिखल धुतला."
हे त्यानं माझ्याकडे न बघता सांगितलं.
गॅस्केटचे एकशे ऐंशी.
मागच्या सीलसाठी गिअरबॉक्स उतरवला, तो दिवस गेला,
बायांनी एसटी पकडली.

संध्याकाळी बाबा पुठ्ठ्याकडे पाहत होते.
कोणी काही विचारलं नव्हतं.

"पौषातली रात होती. वडगावचा एक मास्तर
मागच्या सीटवर. घाटातच गेला.
मले आरशात दिसलं.
बायको त्याचे तळपाय चोळत होती,
चोळतच राह्यली.
मी बोल्लो नाई.
अकरा किलोमीटर.
उलटा वेग वाढवला, तिले वाटलं वाचन."

अंगणात पाखरू नाही, वारा नाही.
पलीकडे जिनिंगचा भोंगा झाला.

"उतरल्यावर तिनं भाडं देल्लं.
मी घेतलं."

मी काय बोलणार होते.
डिपस्टिक काढली, फडक्यानं पुसली,
पुन्हा घातली, पुन्हा काढली.
दोन खुणांच्या मध्ये,
मोहाच्या मधासारखं, आरपार दिसणारं.
बाबांनी हात पुढे केला, म्हणून त्यांना दिली.
त्यांनी ती उजेडाकडे धरली
आणि बोट लावलं नाही.

सकाळी पुठ्ठा कोरडा होता.
त्यानंतरही कोरडाच आहे.
मी काढलेला नाही.
बाबा उठले की काठी टेकत आधी तिथे जातात,
त्या गुडघ्यानं जेवढं वाकता येतं तेवढं
वाकून बघतात.